एका इंजिनावर

विमानाने जमीन सोडली आणि पुढच्याच क्षणी त्याचे एक इंजिन निकामी झाले, तर काय होते? हा प्रश्न आपल्याकडील कोणत्याही सुशिक्षित घरात विचारला, तर बहुधा एकच उत्तर मिळेल, की विमान दगडासारखे खाली येते. हे उत्तर स्वाभाविक असले तरी खरे नाही. दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावर वर चढू शकते, वळसा घेऊन त्याच धावपट्टीवर सुखरूप उतरू शकते, आणि असे कितीतरी वेळा झालेले आहे. त्या घटना वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांनी येत नाहीत, एवढेच. मग ज्या वेळी अनर्थ झाला त्या वेळी तो कशाने झाला, हा प्रश्न शिल्लक राहतो. आणि आमच्या समजुतीप्रमाणे या विषयाचा सगळा इतिहास त्या प्रश्नातच आहे. इंजिन बंद पडल्याने माणसे सहसा मरत नाहीत. ती मरतात त्यानंतरच्या काही क्षणांत जे होते किंवा जे व्हावयाचे राहून जाते त्यामुळे. आणि ते काही क्षण कसे जावयाचे, हे पुष्कळदा जमिनीवर, फार आधीच ठरून गेलेले असते. हे विधान पडताळून पाहण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. नागपूर, मुंबई आणि औरंगाबाद या आपल्याच तीन शहरांतील तीन दुर्दैवी घटना त्याला पुरेशा आहेत; आणि तिसरीत तर आमच्या बीडचा रस्ताच साक्षीला उभा आहे.

आरंभी एकच इंजिन होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, ते विमान ‘पस मॉथ’ जातीचे, एका इंजिनाचे होते. त्या काळच्या वैमानिकास उड्डाणानंतर इंजिन बंद पडले तर काय करावे याविषयी फारसा विचार करण्याचे कारणच नव्हते. नाक खाली करावयाचे, वेग सांभाळावयाचा आणि समोर जे शेत किंवा माळ दिसेल त्यावर उतरावयाचे. मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह मात्र धरावयाचा नाही, कारण त्या वळणातच वेग व उंची दोन्ही संपतात. हा नियम कठोर असला तरी सरळ होता. माणसे थोडी, विमान हलके, उतरण्याचा वेग मोटारीपेक्षा फार जास्त नाही. तेव्हा पुष्कळदा पंख मोडे आणि माणूस वाचे.

त्याच १९३२ साली ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील टी. डब्ल्यू. ए. या कंपनीने विमाने बांधणाऱ्या कारखानदारांस एक पत्र पाठविले. आम्हांस पाहिजे ते विमान तीन इंजिनांचे असावे, असे त्यात म्हटले होते. डग्लस कंपनीने उलट दोनच इंजिनांचे विमान देऊ केले. तेव्हा टी. डब्ल्यू. ए.चे सल्लागार चार्ल्स लिंडबर्ग यांनी एक अट घातली. आमच्या मार्गावरील कोणत्याही विमानतळावरून, पूर्ण भार घेऊन, एक इंजिन बंद असतानाही ते विमान उडाले पाहिजे. १९३३ साली ॲरिझोनातील विन्स्लो येथे ही कसोटी झाली. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच. तेथील हवा विरळ, म्हणजे इंजिनास व पंखास दोघांसही कमी बळ. धावता धावता एक इंजिन बंद करण्यात आले, आणि विमान उरलेल्या इंजिनावर वर चढून अल्बुकर्की येथे जाऊन उतरले. याच विमानाच्या घराण्यात पुढे डाकोटा जन्मास आली. आज जगातील प्रत्येक दोन इंजिनांच्या प्रवासी विमानास जी अट पाळावी लागते, तिचे मूळ हे असे एका वैमानिकाच्या हट्टात आहे. लिंडबर्ग यांचे नाव एकट्याने अटलांटिक ओलांडण्याबद्दल घेतले जाते. परंतु आमच्या मते सामान्य प्रवाशाने त्यांचे आभार मानावयाचे ते या अटीबद्दल.

तथापि विमान उडू शकते, एवढ्याने ते उडतेच असे नाही. येथे थोडे यंत्रशास्त्र सांगणे भाग आहे. वाचकांनी कंटाळू नये. बैलजोडीची गाडी भर वेगात चालली असताना डावा बैल एकाएकी बसला, तर गाडी थांबण्याच्या आधी डावीकडे फिरते, कारण उजवा बैल ओढीतच असतो. विमानाचेही तसेच होते. डावे इंजिन गेले की उजवे त्यास डावीकडे फिरविते. त्यातून डाव्या इंजिनाचा पंखा नुसता थांबत नाही. समोरच्या वाऱ्याने तो फिरत राहतो आणि उघडलेल्या छत्रीसारखा ओढ देतो. विमान डावीकडे फिरू लागले की उजवा पंख पुढे धावतो, त्यास वर उचलणारे बळ अधिक मिळते, डावा पंख खाली पडतो आणि विमान कलते. कललेले विमान उंची गमावते. उंची गेली असे दिसताच माणसाचा हात सहजच नाक वर ओढतो. नाक वर ओढले की वेग पडतो. आणि वेग पडला की शेपटीवरील सुकाणूस वारा पुरत नाही, मग विमान सरळ ठेवणे कोणाच्याही हाती राहत नाही.

यावरचा उपाय तेवढाच सोपा आहे. ज्या बाजूचे इंजिन चालू आहे त्या बाजूचे पेडल पायाने दाबून विमान सरळ धरावयाचे, नाक थोडे खाली ठेवून वेग राखावयाचा, चाके पोटात घ्यावयाची, आणि मग बंद पडलेले इंजिन कोणते ते नीट ओळखून त्याच्या पंख्याची पाती धारेने वाऱ्याकडे वळवावयाची, म्हणजे त्याची ओढ नाहीशी होते. वैमानिकांत यासाठी एक खूणही आहे. जो पाय मोकळा, त्या बाजूचे इंजिन मेलेले. सांगावयास हे चार वाक्यांचे काम. परंतु ते करण्यास मिळणारा अवधी जेवढा वाचकांस हे वाक्य वाचण्यास लागला तेवढाच असतो.

आता नागपूरकडे वळू. स्वातंत्र्यानंतर जानेवारी १९४९ मध्ये दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांच्या पुढाकाराने रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चारी शहरांतून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत जाई. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यास पोचे. देशाच्या मध्यभागी असण्याचा एवढा उपयोग नागपूरने क्वचितच दुसऱ्या कोणत्या कामी करून दिला असेल. या सेवेतील विमाने बहुतेक डाकोटा, म्हणजे महायुद्धानंतर अमेरिकनांनी मागे टाकलेली व स्वस्तात विकलेली. ऑगस्ट १९५३ मध्ये देशातील आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ निर्माण झाले. त्या आठांत निजामाच्या राज्यातील डेक्कन एअरवेज हीही एक होती. बीडकर मंडळींच्या वाडवडिलांच्या राज्याची स्वतःची विमान कंपनी होती, ही गोष्ट आज आमच्याकडेही फार थोड्यांस आठवते.

महामंडळ निघून चार महिने होतात न होतात तोच १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेली डाकोटा सोनेगावहून उडाली. चाकांनी जमीन सोडली आणि लगेच डाव्या इंजिनाचा जोर कमी झाला. तो पुरता नाहीसा झाला नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विमान डावीकडे वळले, वळता वळता खाली आले आणि कोसळून पेटले. आत चौदा माणसे होती, त्यांपैकी तेरा गेली. वाचला तो एकटा विमानाचा कप्तान.

चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की, डाव्या इंजिनाचा जोर अंशतः गेल्यामुळे विमान नकळत डावीकडे वळले, त्या वळणात उंची गेली, आणि ते वळण व तो उतार थांबविण्यासाठी योग्य तो उपाय न केल्याबद्दल कप्तान प्रामुख्याने जबाबदार आहे. आम्हांस या निर्णयात खोटे काही दिसत नाही. वर सांगितलेल्या शास्त्राशी त्याचा शब्दन्‌शब्द जुळतो. परंतु ‘नकळत’ हा शब्द आम्हांस दोनदा वाचावासा वाटला. काळोखी रात्र, धावपट्टीचे दिवे मागे पडलेले, समोर क्षितिज म्हणून काही नाही. अशा वेळी विमान कलले आहे हे शरीरास कळत नाही, केवळ काचेआडच्या काट्यांकडे पाहूनच समजते. दिवसा जी गोष्ट डोळा आपोआप करतो, ती रात्री बुद्धीस करावी लागते, आणि बुद्धी डोळ्यापेक्षा सावकाश चालते. पुरते बंद पडलेले इंजिन वैमानिकास हादरा देऊन जागे करते. अर्धवट ढिले पडलेले इंजिन त्यास फसविते. त्या कप्तानाच्या पुढील आयुष्यात त्या तेरा माणसांचे ओझे कसे राहिले असेल, याची कल्पना करणे आम्हांस जमत नाही.

पंख्याच्या इंजिनांचे युग मागे पडून जेट आले तेव्हा हा सगळा त्रास संपला, असे काही दिवस वाटले. इंडियन एअरलाइन्सचे पहिले जेट कॅराव्हेल हे फ्रेंच विमान १९६४ साली सेवेत आले. त्याचा आकार देखणा होता. त्याचे नाक फ्रेंचांनी इंग्रजांच्या कॉमेट विमानावरून परवाना घेऊन उचललेले होते. मात्र इंजिने पंखांवरून काढून त्यांनी पाठीमागे, शेपटीजवळ, धडाच्या दोन बाजूंस चिकटवून बसविली. या युक्तीचा गुण उघड होता. दोन्ही बैल जवळजवळ एकाच जुवाखाली आले. एक बसला तरी गाडी फारशी फिरत नाही. नागपूरचा अपघात कॅराव्हेलच्या बाबतीत होणे जवळजवळ अशक्य झाले. परंतु यंत्रविद्येत एका दाराने घालविलेले संकट दुसऱ्या दाराशी उभे असते. इंजिन धडाला लागून, म्हणजे शेपटीच्या सुकाणूंना व त्यांस हलविणाऱ्या तेलाच्या नळ्यांना लागून, ठेवलेले होते.

११ ऑक्टोबर १९७६ ची मध्यरात्र उलटून गेल्यावर सांताक्रूझहून मद्रासला जावयाचे विमान खरे म्हणजे बोइंग होते. त्यात बिघाड निघाला, म्हणून उतारूंस कॅराव्हेलमध्ये बसविण्यात आले. उतारू ८९ आणि कर्मचारी ६. विमानाने धावपट्टी सोडली आणि थोड्याच वेळात उजवे इंजिन फुटले. फुटले हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहोत. जेट इंजिनाच्या पुढच्या भागात पात्यांच्या चकत्या एकामागे एक बसविलेल्या असतात आणि त्या मिनिटाला हजारो फेरे घेऊन हवा दाबीत असतात. त्यांपैकी दहाव्या चकतीत धातूच्या थकव्याने एक चीर पडली होती. तार पुन्हा पुन्हा वाकविली म्हणजे शेवटी तुटते, तसाच हा थकवा. चकती फुटली, तिचे तुकडे इंजिनाचे कवच भेदून बाहेर पडले, इंधनाची नळी तुटली आणि आग लागली.

वैमानिकांनी विमान परत फिरविले. ते विमानतळाच्या अगदी जवळ आले होते. पण तुटलेल्या नळीतून इंधन वाहतच राहिले, कारण त्या इंजिनाचा इंधनपुरवठा बंद केला गेला नव्हता. आग धडापर्यंत पोचली, सुकाणू हलविणारे तेल नाहीसे झाले, आणि जमिनीपासून सुमारे ३०० फुटांवर विमान वैमानिकांच्या हातून सुटले. त्याने नाक खाली घातले. ९५ जणांपैकी एकही वाचला नाही. मल्याळी चित्रपटांतील अभिनेत्री राणी चंद्रा त्यांतच होत्या.

या ठिकाणी अनेक लोक ‘एक खटका दाबावयाचा राहिला’ असे म्हणून मोकळे होतात. खटका राहिला हे खरे. परंतु नागपूरच्या धड्याशी ही गोष्ट ताडून पाहिली म्हणजे तिचे खरे स्वरूप लक्षात येते. नागपूरला विमान धरून ठेवणे हेच काम होते आणि ते झाले नाही. मुंबईस विमान धरून ठेवले गेले, वळविले गेले, परतही आणले गेले. राहिले ते त्याच्या नंतरचे काम. पहिले काम हातापायांचे आहे आणि दुसरे डोक्याचे. दोन्हींस एकाच वेळी दोन माणसांनी वाटून घेतले पाहिजे, आणि कोणी काय करावयाचे हे आधी ठरलेले पाहिजे. शिवाय ती चीर त्या रात्री पडलेली नव्हती. ती कित्येक उड्डाणांतून केसाकेसाने वाढत आली होती, आणि तेव्हा ते विमान जमिनीवर माणसांच्या हाताखालूनच जात-येत होते.

चौतीस वर्षांनी, ४ नोव्हेंबर २०१० रोजी, सिंगापूरहून उडालेल्या क्वांटास कंपनीच्या प्रचंड एअरबस विमानात जवळजवळ असेच घडले. इंजिनातील तेलाची एक लहान नळी कारखान्यातच सदोष झाली होती. तिच्यामुळे आग लागून एक चकती फुटली आणि तिच्या तुकड्यांनी पंख, तारा व नळ्या भेदल्या. आत ४६९ माणसे होती. त्या विमानास इंजिने चार होती आणि नळ्यातारांचे जाळेही दुहेरी-तिहेरी होते, हा मोठाच फरक. त्यामुळे मुंबईच्या वैमानिकांशी त्यांची सरळ तुलना करणे न्यायाचे होणार नाही. परंतु लक्षात घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. कप्तान रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी परत फिरण्याची घाई केली नाही. विमान हाती आहे याची खात्री करून घेऊन ते आकाशातच घिरट्या घालीत राहिले, आणि सहकाऱ्यांनी बिघाडांची लांबलचक यादी एकेक करून सुमारे पाऊण-एक तास निकालात काढली. मग ते उतरले. कोणालाही इजा झाली नाही.

घाई ही या विषयातील खरी वैरीण आहे, हे इंग्रजांस ८ जानेवारी १९८९ रोजी फार महाग पडून कळले. लंडनहून बेलफास्टला निघालेले बोइंग ७३७ वर चढत असताना डाव्या इंजिनाचे एक पाते तुटले. थरथर सुरू झाली, धूर आला. वैमानिकांनी उजवे इंजिन बंद केले! योगायोग असा की, त्याच वेळी डाव्याची थरथर कमी झाली. त्यामुळे आपण योग्य तेच केले अशी त्यांची खात्री पटली. कप्तानाने उतारूंस सांगितले की, उजव्या इंजिनात बिघाड होता व ते बंद केले आहे. मागे बसलेल्या काही लोकांनी डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ते चकित झाले, पण उठून कोणी काही बोलले नाही. कप्तानापेक्षा आपणांस अधिक काय कळते, असे प्रत्येकास वाटले असावे. उतरण्याच्या वेळी जोर वाढविताच ते जखमी इंजिनही गेले आणि विमान धावपट्टीच्या थोडे अलीकडे केगवर्थ गावाजवळ मोटाररस्त्याच्या बांधावर आदळले. १२६ पैकी ४७ माणसे मरण पावली. अधिकाऱ्यासमोर गप्प बसण्याची ही सवय आपल्याकडे किती खोल मुरलेली आहे, हे ज्यांनी कचेरीत नोकरी केली आहे त्यांस सांगावयास नको. तैवानमध्ये ४ फेब्रुवारी २०१५ रोजी हाच प्रकार उड्डाणानंतर अवघ्या दोन-तीन मिनिटांत झाला. जे इंजिन चालू होते तेच बंद केले गेले, विमान तैपेई शहरातील नदीत पडले आणि ४३ जण दगावले.

तेव्हा वैमानिकांस शिकवावे कसे? पूर्वी हा अभ्यास खऱ्या विमानातच होत असे. शिक्षक उड्डाणाच्या वेळी मुद्दाम एका इंजिनाचा जोर काढून घेई आणि शिष्याने विमान सांभाळावे. हा अभ्यासही जीवघेणा असे. ८ मार्च १९९४ रोजी दिल्लीच्या विमानतळावर सहारा कंपनीचे बोइंग असाच अभ्यास करीत होते. शिष्याने चुकीचे पेडल दाबले, शिक्षकास ते वेळीच आवरता आले नाही, आणि विमान कलंडून उभ्या असलेल्या रशियन विमानावर जाऊन पडले. नऊ माणसे गेली. आज हा अभ्यास जमिनीवर ठेवलेल्या, विमानाच्या हुबेहूब नकलेत होतो; तीत वैमानिक शंभरदा मरू शकतो आणि चहा पिऊन पुन्हा बसू शकतो. आम्हांस ही विसाव्या शतकातील मोठ्या दयाळू शोधांपैकी एक वाटते.

अहमदाबादचा उल्लेख टाळता येण्यासारखा नाही. १२ जून २०२५ रोजी लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. आतील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ जण मृत्यू पावले. तेथे एक नव्हे, दोन्ही इंजिनांचा जोर गेला होता. जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अहवालाप्रमाणे, इंधनाचे दोन्ही खटके एकापाठोपाठ एक, सुमारे एका सेकंदाच्या अंतराने, ‘बंद’ स्थितीत गेले. ते कसे गेले, हे त्या अहवालाने ठरविलेले नाही. प्राथमिक अहवाल हाती येताच घरोघरी, चौकाचौकांत आणि वृत्तवाहिन्यांवर जे न्यायनिवाडे सुरू झाले, ते आम्हांस शोभादायक वाटले नाहीत. मुंबईस जो खटका बंद व्हावयास पाहिजे होता तो झाला नाही, आणि येथे जे चालू राहावयास पाहिजे होते ते बंद झाले. इतिहासाने एवढीच नोंद करून थांबावे.

आता आमच्या मुलखाकडे येतो. वैमानिकशास्त्रात एक वेग ठरलेला असतो. धावपट्टीवरून विमान धावत असताना त्या वेगाच्या आत काही बिघडले तर थांबावयाचे, आणि तो वेग ओलांडल्यावर काही बिघडले तरी उडावयाचेच. कारण मग उरलेल्या धावपट्टीत थांबता येत नाही. हा वेग विमानाचा भार, हवेची उष्णता, धावपट्टीची लांबी व तिची समुद्रसपाटीपासूनची उंची यांवरून प्रत्येक उड्डाणापूर्वी मांडावा लागतो. म्हणजे इंजिन बंद पडल्यास काय करावयाचे, याचा अर्धा निर्णय विमान उभे असतानाच झालेला असतो. नाक केव्हा उचलावयाचे, तो वेगही असाच ठरतो. आणि विमान धावपट्टीच्या टोकावरून किती उंचीने जाणार, हेही त्यातच येते. या शेवटच्या गोष्टीत धावपट्टीच्या टोकापलीकडे काय आहे, हा प्रश्न दडलेला असतो.

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीपलीकडे १९९३ साली बीडचा रस्ता होता.

केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या आमच्या गावांस त्या काळी औरंगाबाद म्हणजे विभागाचे ठिकाण, हायकोर्टाचे, विद्यापीठाचे, मोठ्या दवाखान्याचे. आमच्याकडचा माणूस तेथे जावयाचा तो बीडवरून, एस.टी.ने किंवा मिळेल त्या ट्रकने. त्या रस्त्यावर कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक दिसणे यात नवल ते काय? मराठवाड्यात जेथे जिनिंग-प्रेसिंग आहे तेथे गाठी आहेत, आणि गाठी आहेत तेथे तोंडापर्यंत भरलेले ट्रक आहेत. अशा ट्रकाची उंची विमानाच्या हिशोबात कोणीतरी धरली असेल, असे त्या रस्त्याने जाणाऱ्या कोणाच्याही मनात कधी आले नसणार. तो हिशोब करण्याचे काम त्याचे नव्हतेच.

२६ एप्रिल १९९३. भर वैशाखातील दुपार, एक वाजून गेलेला. दिल्ली, जयपूर, उदयपूर करीत आलेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मुंबईस जाण्यासाठी निघाले. आत ११२ उतारू व ६ कर्मचारी. विमान पुरते भरलेले. हवा तापलेली, म्हणजे विरळ. आणि विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच. विन्स्लोच्या कसोटीत जे जे इंजिनाच्या विरुद्ध होते, ते ते थोड्याफार प्रमाणात येथेही होते. विमान जवळजवळ सगळी धावपट्टी संपवूनही पुरते उचलले गेले नाही. टोकापलीकडच्या रस्त्यावरून त्याच क्षणी गाठींचा ट्रक चालला होता. रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर विमानाची डावी चाके, डाव्या इंजिनाचे खालचे आवरण आणि उतरताना वेग रोखण्यासाठी इंजिनावर असलेली यंत्रणा त्या ट्रकावर आदळली. विमान तरीही वर गेले. जखमी इंजिन घेऊन ते आणखी सुमारे तीन किलोमीटर गेले, विजेच्या उच्च दाबाच्या तारांत अडकले आणि शेतात पडले. ५५ माणसे मेली, ६३ वाचली. वाचलेल्यांत दोन्ही वैमानिक होते.

नागपूरला आणि मुंबईस इंजिन आपल्या आतल्या दोषाने गेले होते. येथे धडधाकट इंजिनास बाहेरून आघात झाला. म्हणून कोणी म्हणेल की ही घटना या विषयाची नव्हे. आम्हांस ती याच विषयाची वाटते, कारण उडाल्यावर वैमानिकाच्या हाती जे जखमी विमान येते त्याची जखम कोठे झाली यास त्या घटकेस काही महत्त्व नसते. आणि ती जखम जमिनीवर कशी तयार होते, हे येथे जितके उघड दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

चौकशीने दोन कारणे दिली. पहिले, वैमानिकांनी नाक उचलण्यास उशीर केला व उचलण्याची रीतही चुकविली. दुसरे, विमानांच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक आवरण्याचे काम राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केले नाही. बहुतेकांच्या स्मरणात पहिले कारण राहिले. आम्ही दुसऱ्यापाशी थांबतो. परळीस निजामाच्या अमदानीपासून आगगाडी आहे. तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक गाडीवानास ठाऊक आहे की गाडी यावयाच्या वेळी फाटक लागते, फाटकवाला हिरवे-तांबडे निशाण घेऊन उभा राहतो, आणि कितीही घाई असली तरी बैल थोपवून धरावे लागतात. त्यात कोणास अपमान वाटत नाही. फाटकास खर्च तरी कितीसा येतो? एक आडवा बांबू, एक माणूस, आणि त्याला उड्डाणाची वेळ कळविणारा एक टेलिफोन. तेवढे त्या दिवशी बीड रस्त्यावर असते, तर वैमानिकांची चूक चूकच राहिली असती. ती त्यांच्या वरिष्ठांनी त्यांस सुनावली असती, कदाचित पुन्हा शिकण्यास पाठविले असते, आणि विमान त्या रिकाम्या रस्त्यावरून सात फुटांनी का होईना, पण निघून गेले असते.